ज्येष्ठांमधील मेरुरज्जूची इजा आणि पुनर्वसन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दीड कोटींहून अधिक माणसे मेरुरज्जूच्या, म्हणजे मणक्यांच्या पोकळीतून जाणाऱ्या चेतातंतूंच्या जाड दोरीच्या (स्पायनल कॉर्ड), इजेसह जगत आहेत. ही इजा तरुणांना वाहन अपघातात होते असा सर्वसाधारण समज आहे, परंतु साठीच्या पुढे घरात किंवा अंगणात पडल्यामुळे ती होणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांच्या कुटुंबांना पडणारे प्रश्न वेगळे असतात, आणि त्यांना मिळणारी उत्तरे अनेकदा "आता वय झाले" या एका वाक्यावर संपतात. पुढील उत्तरे रुग्ण, त्यांचे जोडीदार, मुले, सुना आणि काळजी घेणारे सहायक यांच्यासाठी आहेत. ती उपस्थित डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाहीत.

आई फक्त न्हाणीघरात घसरून पडली, हाड कुठेही मोडले नाही, मग हात-पाय लुळे कसे पडले?

वयानुसार मानेच्या मणक्यांची झीज होते, कडांवर हाडाची टोके वाढतात, मणक्यांमधल्या चकत्या मागे सरकतात आणि ज्या पोकळीतून मेरुरज्जू जातो ती पोकळी अरुंद होत जाते. बहुतेकांना याचा पत्ताही नसतो. अशी व्यक्ती पुढच्या बाजूला पडली, हनुवटी किंवा कपाळ फरशीवर आपटले आणि मान झटक्याने मागे गेली, तर समोरची वाढलेली हाडे व मागचा जाड झालेला अस्थिबंध यांच्यामध्ये मेरुरज्जू क्षणभर चिमटला जातो. हाड न मोडताही आतली इजा गंभीर असू शकते. म्हणूनच साधा एक्स-रे ठीक दिसला, तरी हातांत मुंग्या, अशक्तपणा किंवा लघवी अडकणे यांपैकी काहीही असल्यास एमआरआय आवश्यक ठरतो.

या प्रकाराला 'सेंट्रल कॉर्ड सिंड्रोम' म्हणतात. १९५४ मध्ये अमेरिकी शल्यविशारद रिचर्ड श्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. त्यात पायांपेक्षा हातांची शक्ती अधिक जाते, त्यामुळे रुग्ण उभा राहू शकतो पण घास उचलू शकत नाही, असे विचित्र चित्र दिसते आणि नातेवाईक गोंधळून जातात. आपल्याकडे याची आणखी एक नेहमीची वाट म्हणजे मोटरसायकलच्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसलेल्या वयस्क स्त्रिया. गतिरोधकावर बसलेला धक्का किंवा चाकात अडकलेला पदर एवढेही कारण पुरते.

ज्येष्ठांमध्ये अपघाताशिवायही मेरुरज्जू दबू शकतो. मानेतील झिजेमुळे हळूहळू वाढणारा दाब, मणक्याचा क्षय आणि इतरत्र असलेला कर्करोग मणक्यात पसरणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत. यांपैकी क्षय आपल्या देशात आजही आढळतो. तो वेळीच ओळखून औषधे सुरू केली आणि गरजेनुसार शस्त्रक्रिया केली, तर गेलेली शक्ती बरीच परत येण्याची शक्यता असते. मूळ कारण कोणतेही असो, पुनर्वसनाची गरज आणि पद्धत बहुतांशी समान असते.

पडल्यानंतर लगेच काय करावे?

व्यक्तीला ओढून उठवून खुर्चीत बसवू नये, पाणी पाजू नये आणि रिक्षात मांडीवर घेऊन नेऊ नये. मान व पाठ एका रेषेत ठेवून, दोन्ही बाजूंनी उशा किंवा घड्या घातलेल्या चादरी लावून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. घरात पडणे ही किरकोळ बाब समजून रात्रभर वाट पाहिली जाते आणि त्यात मौल्यवान तास जातात.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे सांगितले, तरी हालचाल का आली नाही?

शस्त्रक्रियेने मेरुरज्जूवरचा दाब काढला जातो आणि अस्थिर झालेले मणके स्थिर केले जातात. त्यामुळे पुढचे नुकसान टळते आणि रुग्णाला लवकर बसवता येते. मेरुरज्जूतील तुटलेले चेतातंतू जोडण्याचे काम कोणतीही शस्त्रक्रिया आज करू शकत नाही. जे तंतू शिल्लक आहेत त्यांच्याकडून काम करून घेणे आणि जे गेले त्यांचे काम दुसऱ्या मार्गाने साधणे, हे पुनर्वसनाचे क्षेत्र आहे. म्हणून शस्त्रक्रियेला उपचाराचा शेवट मानू नये.

अहवालात 'सी ५, एआयएस सी' असे लिहिले आहे. याचा अर्थ काय?

पहिला भाग पातळी सांगतो. मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५ मणके असतात. 'सी ५' म्हणजे मानेतील पाचव्या पातळीपर्यंत संवेदना व शक्ती शाबूत आहे. दुसरा भाग इजेची तीव्रता सांगतो. 'ए' म्हणजे गुदद्वाराभोवतीच्या भागात संवेदना किंवा हालचाल काहीही उरलेली नाही, म्हणजेच इजा पूर्ण आहे. 'बी' मध्ये संवेदना असते पण हालचाल नसते. 'सी' आणि 'डी' मध्ये हालचाल असते, 'डी' मध्ये ती अधिक जोरकस असते, आणि 'ई' म्हणजे तपासणीत दोष न उरणे. ज्येष्ठांमधल्या मानेच्या इजा बऱ्याचदा अपूर्ण, म्हणजे 'सी' किंवा 'डी' गटातल्या असतात आणि ही आशेची बाब आहे. पहिल्या काही दिवसांत 'स्पायनल शॉक'मुळे, म्हणजे इजेच्या खालच्या मेरुरज्जूचे काम तात्पुरते थंडावल्यामुळे, चित्र असते त्यापेक्षा वाईट दिसू शकते, त्यामुळे तपासणी पुन्हा करून घ्यावी.

वय सत्तरीच्या पुढे आहे. पुनर्वसनावर पैसा आणि श्रम खर्च करून खरोखर उपयोग होतो का?

होतो. हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही, पण त्याचे उत्तर वयाच्या आकड्यावरून देणे मात्र गैर आहे.

मेरुरज्जूत शक्ती परत येण्याची क्षमता वृद्ध आणि तरुण यांच्यात लोक समजतात तेवढी भिन्न नसते. समान तीव्रतेची इजा झालेल्या वयस्क रुग्णाच्या स्नायूंमध्येही सुधारणा होते. फरक पडतो तो त्या सुधारणेचे रोजच्या कामात रूपांतर होताना. मांडीत शक्ती आली, पण गुडघ्याची झीज आहे, तोल कच्चा आहे, मधुमेहामुळे तळपायाची संवेदना आधीच कमी आहे, हृदयाचा दम अपुरा आहे, तर ती शक्ती चालण्यात उतरायला अधिक वेळ आणि अधिक मार्गदर्शन लागते. याचा तर्कशुद्ध अर्थ असा की ज्येष्ठांना पुनर्वसनाची गरज तरुणांपेक्षा जास्त असते. प्रत्यक्षात त्यांना ते कमी मिळते: लवकर घरी पाठवले जाते, व्यायामाचा एक छापील कागद हाती दिला जातो, आणि महिनाभरात बेडसोअर घेऊन तीच व्यक्ती परत दाखल होते.

यशाची व्याख्याही इथे नीट करावी लागते. पुन्हा धावणे हे एकमेव उद्दिष्ट ठेवले तर सत्तरीतला माणूस पहिल्याच दिवशी नापास ठरतो. स्वतःच्या हाताने चहाचा कप धरणे, पलंगावरून खुर्चीत एका माणसाच्या मदतीने जाणे, रात्री कूस स्वतः बदलता येणे, लघवीचे वेळापत्रक बसून कपडे कोरडे राहणे, देवळापर्यंत व्हीलचेअरने जाता येणे, या प्रत्येक गोष्टीने रुग्णाचे आणि घरातल्या दुसऱ्या वृद्ध माणसाचे आयुष्य बदलते. बहुतेकदा काळजी घेणारी पत्नी किंवा पती स्वतः साठी-सत्तरीतच असतात. दोन माणसांची मदत लागणे आणि एका माणसाची मदत पुरणे, या फरकावर अनेकदा रुग्ण घरी राहणार की वृद्धाश्रमात जाणार हे ठरते.

उद्दिष्टे ठरवताना रुग्णाला स्वतःला विचारावे. मुलगा, जावई आणि डॉक्टर बोलत असतात आणि आजोबा छताकडे पाहत पडलेले असतात, हे दृश्य फार वेळा दिसते. त्यांना काय हवे आहे ते त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय केलेली योजना टिकत नाही.

पुनर्वसन केव्हा सुरू होते आणि ते कोण करते?

मणका स्थिर आहे असे शल्यविशारदांनी सांगितल्यापासून, म्हणजे बऱ्याचदा अतिदक्षता विभागातच. सांध्यांची हालचाल, श्वसनाचे व्यायाम, कूस बदलणे आणि हातांच्या बोटांची योग्य ठेवण यांना पहिल्या दिवसापासून महत्त्व आहे.

पुढचे काम एकट्या फिजिओथेरपिस्टचे नसते. भौतिकोपचार व पुनर्वसन शास्त्राचे तज्ज्ञ डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, प्रशिक्षित परिचारिका, कृत्रिम साधने बनवणारे तंत्रज्ञ, मानसोपचार तज्ज्ञ आणि समाजसेवा अधीक्षक एकत्र बसून आराखडा करतात तेव्हाच ते पुनर्वसन ठरते. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी मेरुरज्जूच्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला, तोवर अशी माणसे मूत्रसंसर्ग आणि बेडसोअरने लवकर दगावतील असेच गृहीत धरले जाई. त्यांनी नवे औषध शोधले नव्हते. नियमित कूस बदलणे, मूत्राशयाची शिस्त आणि कामाला लावणे यांचा काटेकोर आग्रह त्यांनी धरला आणि माणसे जगू लागली.

महाराष्ट्रात मुंबईला हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. सैन्यदलातील जखमींसाठी पुण्याजवळ खडकी येथे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. दिल्लीच्या वसंत कुंजमध्ये इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्र आहे का, याची चौकशी सिव्हिल रुग्णालयात करावी. मोठ्या केंद्रात काही आठवडे राहून कुटुंबाने तंत्र शिकून घेणे आणि नंतर गावातील फिजिओथेरपिस्टच्या मदतीने ते चालू ठेवणे, हा मार्ग आमच्या मते सर्वांत व्यवहार्य आहे.

पुन्हा चालता येईल का?

इजेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत खात्रीने सांगता येत नाही. सर्वाधिक सुधारणा पहिल्या ६ ते ९ महिन्यांत दिसते आणि त्यापुढेही सावकाश चालू राहू शकते. गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूत आणि पायाच्या टोकाला लवकर परत आलेली शक्ती व संवेदना ही चांगली लक्षणे मानली जातात. वयाचा प्रतिकूल परिणाम चालण्यावर होतो हे खरे आहे आणि ते लपवू नये. अपूर्ण इजेचे बरेच ज्येष्ठ वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात आणि बाहेर व्हीलचेअर वापरतात. ही तडजोड मानू नये. पडून मांडीचे हाड मोडण्यापेक्षा खुर्चीतून बाजारात जाणे केव्हाही श्रेयस्कर आहे.

व्यायाम किती आणि कसा असावा?

तरुणाला सलग दीड तास दिला जाणारा व्यायाम ज्येष्ठांना २०–३० मिनिटांच्या तुकड्यांत, मध्ये विश्रांती देऊन द्यावा. एकूण व्यायाम कमी करण्याचे कारण नाही. सकाळी रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्यावर लगेच उभे करू नये. सत्रापूर्वी चष्मा आणि श्रवणयंत्र लावले आहे का हे पाहावे, कारण सूचना ऐकू न आलेल्या रुग्णाला 'सहकार्य करत नाही' असा शिक्का बसतो.

खांद्यांची विशेष काळजी घ्यावी. साठीनंतर खांद्याचे स्नायुबंध आधीच झिजलेले असतात, त्यात दंड धरून ओढून उठवले की ते फाटतात. उठवताना कमरेला बांधण्याचा रुंद पट्टा वापरावा आणि पलंगावरून खुर्चीत जाण्यासाठी गुळगुळीत लाकडी फळी वापरावी. हातांच्या कामासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टने सुचवलेले जाड मुठीचे चमचे, कंगवा व पेन यांचा उपयोग लगेच होतो.

बसवले की डोळ्यांपुढे अंधारी येते. बसवणे थांबवावे का?

थांबवू नये, पद्धत बदलावी. मानेच्या व छातीच्या वरच्या भागातील इजेत रक्तवाहिन्या आकुंचन पावण्याची यंत्रणा बिघडते आणि बसल्यावर रक्तदाब कोसळतो. पोटाला पट्टा आणि पायांत घट्ट मोजे घालून, पाठ टप्प्याटप्प्याने वर करावी. चक्कर आली तर खुर्ची मागे कलती करून पाय वर घ्यावेत. इजेपूर्वी चालू असलेल्या उच्च रक्तदाबाच्या गोळ्या आता जास्त होत असण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टरांकडून त्यांचा आढावा घ्यावा.

लघवीची नळी किती दिवस ठेवावी?

गरज असेल तेवढेच दिवस. कायमची नळी सोयीची वाटते, पण संसर्ग, खडे आणि मूत्रमार्गाला जखमा यांचे ते मोठे कारण आहे. शक्य असेल तिथे दर ४ ते ६ तासांनी स्वच्छ हातांनी पातळ नळी घालून मूत्राशय रिकामे करणे आणि नळी काढून टाकणे, ही पद्धत उत्तम मानली जाते. एका वेळी साधारण ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त लघवी साठू देऊ नये.

ज्येष्ठांमध्ये इथे खऱ्या अडचणी येतात. पुरुषांमध्ये वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीमुळे नळी जात नाही. सेंट्रल कॉर्ड सिंड्रोममध्ये बोटांना पकड नसल्याने रुग्ण स्वतः नळी घालू शकत नाही. दिवसातून ५ वेळा हे काम दुसऱ्या कोणी करायचे म्हटले, तर सून किंवा पत्नीवर ताण येतो आणि रुग्णाला संकोच वाटतो. अशा वेळी ओटीपोटातून बसवलेली नळी हा योग्य पर्याय ठरू शकतो. तो अपयश समजून नाकारू नये. पुरुषांसाठीचे बाहेरून लावायचे कंडोम कॅथेटर वापरण्यापूर्वी मूत्राशय आतून पूर्ण रिकामे होते की नाही, हे सोनोग्राफीने तपासावे, नाहीतर कपडे कोरडे राहतात आणि मूत्रपिंडे मात्र बिघडत जातात.

आणखी दोन गोष्टी. दिवसभर पाय खाली सोडून बसल्याने पायांत उतरलेले पाणी रात्री आडवे झाल्यावर लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे रात्रीची लघवी वाढते. संध्याकाळी तासभर पाय वर ठेवल्यास फरक पडतो. दुसरे असे की, नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू आढळणे सामान्य आहे. ताप, वाढलेली ताठरता, अचानक आलेला मानसिक गोंधळ यांसारखी लक्षणे नसतील, तर केवळ अहवाल पाहून प्रतिजैविके घेऊ नयेत.

शौचाचे काय?

रोज किंवा दिवसाआड ठरलेल्या वेळी, खाण्यानंतर साधारण अर्ध्या तासाने बसवावे, कारण खाल्ल्यावर आतड्यांची हालचाल वाढते. सकाळच्या चहा-नाश्त्यानंतरची वेळ बहुतेकांना जमते. गुदद्वारात ठेवायची गोळी आणि हातमोजा घालून बोटाने उद्दीपन, हे तंत्र परिचारिकेकडून शिकून घ्यावे. कमोडच्या कडक बैठकीवर फार वेळ बसवून ठेवू नये. इसबगोल पुरेशा पाण्याशिवाय दिल्यास उलट घट्टपणा येतो.

वयस्क रुग्णांत एक गोष्ट हमखास फसवते. कडक शौच आत अडकून राहते आणि त्याच्या कडेने पातळ पाणी गळत राहते. घरचे लोक जुलाब समजून ते थांबवायची गोळी देतात आणि स्थिती अधिक बिघडते. ३–४ दिवस नीट शौचाला झालेले नसताना पातळ गळती सुरू झाली, तर आधी तपासणी करून घ्यावी.

बेडसोअर होऊ नयेत यासाठी नेमके काय करावे?

पलंगावर असताना दर २ तासांनी कूस बदलावी, रात्रीही. हवेची गादी आणली म्हणून यातून सुटका होत नाही. खुर्चीत असताना दर अर्ध्या तासाने, कोणी जवळ उभे असताना पुढे किंवा बाजूला झुकून सुमारे २ मिनिटे बैठकीवरचा भार काढावा. माकडहाड, बसण्याची हाडे, खुब्याच्या बाजू, टाचा आणि घोटे रोज दोनदा पाहावेत. लाल डाग दिसला आणि भार काढल्यावरही तो गेला नाही, तर जखमेची सुरुवात झाली असे समजून तो भाग पूर्ण बरा होईपर्यंत त्यावर वजन देऊ नये. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हाताने स्पर्श करून तो भाग गरम, कडक किंवा पिठासारखा मऊ लागतो का हे पाहावे.

ट्यूबमध्ये हवा भरून केलेली गोल चकती बसण्यासाठी सर्रास विकत आणली जाते. ती वापरू नये. तिच्या कडेवर दाब येऊन मधल्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो. चादरीवरून ओढत सरकवणे, ओले कपडे, खिशातले नाणे, धोतराची किंवा साडीची जाड गाठ आणि घट्ट नाडी यांनीही जखमा होतात. वृद्धांची त्वचा पातळ असते, खाणे कमी असते, रक्तात प्रथिने कमी असतात. डाळ, दूध, दही, अंडी किंवा मासे यांपैकी जे चालते ते दर जेवणात असावे. पेज आणि चहा-बिस्किटांवर जखम भरून येत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत झालेला एक खोल बेडसोअर पुढचे अनेक महिने खातो, म्हणून कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा या कामाला आम्ही अधिक महत्त्व देतो.

तेलाने मालिश करावी का? शेक द्यावा का?

हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, पण मालिशने मेरुरज्जू बरा होत नाही. पहिल्या ३ महिन्यांत पायाच्या नसांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मोठा असतो. एका पायावर सूज आली, पोटरी गरम लागली तर तो पाय अजिबात चोळू नये, कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.

शेक देण्याबाबत उत्तर स्पष्ट आहे: ज्या भागाला संवेदना नाही तिथे गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेले फडके, विटेचा किंवा वाळूचा शेक, यांपैकी काहीही लावू नये. रुग्णाला चटका कळत नाही आणि खोलवर भाजते. आंघोळीच्या पाण्याचे तापमानही काळजी घेणाऱ्याने स्वतःच्या कोपराने तपासावे.

अचानक डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. हे काय आहे?

छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असलेल्यांमध्ये ही तातडीची अवस्था असू शकते. तिला 'ऑटोनॉमिक डिसरेफ्लेक्सिया' म्हणतात. इजेच्या खाली काहीतरी त्रास होत असतो, त्याची वेदना मेंदूला कळत नाही, पण शरीर रक्तदाब प्रचंड वाढवून प्रतिसाद देते. अशा इजेनंतर नेहमीचा वरचा रक्तदाब बहुधा ९० ते ११० इतकाच असतो, त्यामुळे १५० हा आकडा 'या वयात चालतो' असे समजणे धोकादायक आहे. स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा २० ते ४० ने वाढ झाली आणि वरील लक्षणे असली, तर त्वरित कृती करावी.

रुग्णाला सरळ बसवून पाय खाली सोडावेत, पट्टे व कपडे सैल करावेत. लघवीची नळी मुडपली आहे का, पिशवी भरली आहे का ते पाहावे, नळी नसेल तर मूत्राशय रिकामे करावे. त्यानंतर अडकलेले शौच, दबलेली त्वचा, आत वाढलेले नख अशी कारणे शोधावीत. दर काही मिनिटांनी रक्तदाब मोजावा आणि तो उतरत नसेल तर रुग्णालय गाठावे. ही माहिती एका कागदावर लिहून रुग्णाच्या खिशात ठेवावी, कारण लहान दवाखान्यात ही अवस्था ओळखली जाईलच असे नाही.

औषधांबाबत ज्येष्ठांनी कोणती दक्षता घ्यावी?

स्नायूंच्या ताठरतेसाठी दिले जाणारे बॅक्लोफेन आणि चेतातंतूंच्या वेदनेसाठी दिले जाणारे गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन यांनी वयस्कांना गुंगी येते, तोल जातो आणि मूत्रपिंडे कमकुवत असल्यास मात्रा कमी करावी लागते. मूत्राशय शांत करणाऱ्या काही गोळ्यांनी विस्मरण व बद्धकोष्ठता वाढते. मात्र बॅक्लोफेन स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नये, त्याने झटके व भ्रम होऊ शकतात. मधुमेह, हृदय आणि मेरुरज्जू यांसाठीच्या तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांनी एकत्र पाहणे आवश्यक आहे.

घरात कोणते बदल करावेत?

सर्वांत आधी न्हाणीघर व संडास. घसरणार नाही अशी फरशी, भिंतीत पक्के बसवलेले दांडे, कमोड खुर्ची आणि बसून आंघोळ करण्याची सोय करावी. दाराची मोकळी रुंदी व्हीलचेअरपेक्षा अधिक हवी. ९० सेंटिमीटर असल्यास अडचण येत नाही. उतार बांधताना उंचीच्या बारा पट लांबी धरावी: अर्ध्या फुटाच्या उंबरठ्यासाठी ६ फूट. चाळीत किंवा लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. तळमजल्यावर भाड्याने जागा घेणे किंवा नातेवाइकांशी जागेची अदलाबदल करणे, याचा विचार रुग्ण रुग्णालयात असतानाच सुरू करावा. व्हीलचेअर रुग्णाच्या मापाची असावी. कोणाकडून मिळालेली रुंद खुर्ची कण्याला वाकवते आणि खांद्यांना थकवते.

बाबा कोणाशी बोलत नाहीत, कधी असंबद्ध बोलतात. हे वयामुळे असेल का?

असंबद्ध बोलणे अचानक सुरू झाले असेल तर संसर्ग, ऑक्सिजनची कमतरता, सोडियम कमी होणे, औषधांचा परिणाम किंवा पडताना डोक्याला लागलेला मार, ही कारणे आधी तपासावीत. उदासीनता, झोप न लागणे, "मला कशाला जगवता" असे वारंवार म्हणणे, हा नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. वय झाले आणि अपंगत्व आले म्हणजे माणूस खिन्न असणारच, असे मानून तो सोडून देणे अन्यायाचे आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाला निर्णयांतून वगळले की तो गप्प होतो. बँकेचे व्यवहार, शेतीचा हिशेब, नातवंडांचा अभ्यास, सणाची तयारी, यांत त्यांचे मत विचारत राहावे. पती-पत्नीमधील जवळीक हा विषयही वयामुळे संपलेला नसतो. त्याबद्दल डॉक्टरांशी एकांतात बोलण्याची संधी दोघांना मिळावी.

काळजी घेण्यासाठी माणूस ठेवावा की घरच्यांनीच करावे?

दोन्हींचा मेळ हवा. ब्युरोमार्फत येणाऱ्या मावशी किंवा मामा बहुधा मेरुरज्जूच्या रुग्णासाठी प्रशिक्षित नसतात, त्यामुळे रुग्णालयातून सुटण्यापूर्वी त्यांना, आणि घरातल्या किमान दोन माणसांना, कूस बदलणे, नळी, शौच व उचलण्याची पद्धत प्रत्यक्ष करून शिकवावी. सगळे ओझे एका सुनेवर किंवा लेकीवर पडले, तर तिची पाठ आणि तिचे मन दोन्ही मोडते. आठवड्यातून ठरलेला दिवस तिला सुट्टीचा असावा, हे कुटुंबाने लेखी वेळापत्रकात घालावे.

कोणती प्रमाणपत्रे आणि योजना उपयोगी पडतात?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ही अवस्था चलनविषयक दिव्यांगत्वात येते. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून सिव्हिल रुग्णालयातील तपासणीला जावे लागते. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास बहुतेक सवलती लागू होतात. ७० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या नागरिकांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, मात्र ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी असल्याने घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या खर्चाची तजवीज वेगळी करावी लागते. राष्ट्रीय वयोश्री योजनेतून उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या ज्येष्ठांना व्हीलचेअर, वॉकर अशी साधने मिळतात, आणि राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पात्र ज्येष्ठांना साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये मिळतात. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

स्टेम सेल उपचाराने बरे होण्याची जाहिरात पाहिली. पैसे भरावेत का?

भरू नयेत. मेरुरज्जूच्या इजेसाठी स्टेम सेल हा भारतात मान्यताप्राप्त उपचार नाही. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडचा वापर केवळ नोंदणीकृत संशोधनातच होऊ शकतो, आणि संशोधनात सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. शेत किंवा दागिने विकून यासाठी लाखो रुपये देण्याऐवजी तेच पैसे चांगली गादी, मापाची खुर्ची आणि प्रशिक्षित सहायक यांवर खर्च करावेत.

तरुणपणी इजा झालेली व्यक्ती आता सत्तरीत आली आहे. तिच्यासाठी काही वेगळे आहे का?

बरेच काही. अनेक वर्षे हातांनी चाक ढकलल्याने खांदे व मनगटे झिजतात, पायांची हाडे इतकी ठिसूळ होतात की कपडे बदलताना पाय पिरगळला तरी गुडघ्याजवळ मोडतात, आणि पूर्वी एकट्याने जमणाऱ्या गोष्टींना आता मदत लागते. अशा वेळी बॅटरीवर चालणारी खुर्ची स्वीकारणे म्हणजे हार मानणे असे काहींना वाटते. वास्तविक उरलेले खांदे जपण्याचा तोच मार्ग आहे.

तपासणीसाठी किती काळाने जावे?

पहिल्या वर्षी दर ३ महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा, त्रास नसला तरी. मूत्रपिंडांची सोनोग्राफी व क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्तचाचणी), त्वचा, हाडांची घनता, ड जीवनसत्त्व, रक्तातील साखर, खांदे आणि व्हीलचेअरची स्थिती पाहून घ्यावी. फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या लशींबद्दल विचारावे, कारण खोकण्याची ताकद कमी असलेल्यांना न्यूमोनियाचा धोका जास्त असतो. स्थिर झालेल्या रुग्णात काही महिन्यांनी किंवा वर्षांनी नव्याने शक्ती कमी होऊ लागली, बधिरपणा वर सरकू लागला किंवा वेदनेचे स्वरूप बदलले, तर पुढच्या वार्षिक तपासणीची वाट पाहू नये. मेरुरज्जूत द्रव साचून पोकळी तयार होणे किंवा मानेत पुन्हा दाब येणे ही त्याची कारणे असू शकतात आणि त्यासाठी पुन्हा एमआरआय करावा लागतो.